'क्लाडेराडाच': नाव की आवाज?

विचारणा अशी आहे: एकोणिसाव्या शतकातले जर्मन चान्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्क यांच्या काळातल्या जर्मनीवरचा मजकूर मराठीत आणताना Kladderadatsch या बर्लिनच्या व्यंग्य-साप्ताहिकाचे नाव सारखे येते. ते देवनागरीत कसे लिहायचे, ते कुणाचे आडनाव आहे का, आणि त्याचे भाषांतर करावे का?

आडनाव नाही. तो एक आवाज आहे. 'क्लाडेराडाच' असे लिहावे. शेवटचा च 'मॅच'मधला, 'टाच' किंवा 'काच'मधला नव्हे. जोर शेवटच्या 'डाच'वर द्यायचा, कारण शब्दाचा सगळा जीव तिथे आहे. 'क्लाडेरा' म्हणेपर्यंत वस्तू गडगडत, खणखणत खाली येत असतात आणि 'डाच'ला त्या जमिनीवर आदळतात. फडताळ भांड्यांसकट कोलमडले की जो आवाज होईल, तो हा.

मराठीत अशा शब्दांना तोटा नाही: धाडकन, धपकन, खळ्ळकन. पण 'कन' लागला की आवाज बहुधा एकाच क्षणाचा होतो. दार धाडकन एकदाच आपटते. दोन टप्प्यांचा आवाज हवा तर 'खळ्ळखट्याक' सर्वांत जवळ येतो. मात्र तो आता एका पक्षाच्या आंदोलनांशी इतका जोडला गेला आहे की वाचकाला दुसरे काही सुचणार नाही. शिवाय त्यात कोणीतरी मुद्दाम फोडाफोड करतो. क्लाडेराडाचमध्ये फोडणारा दिसत नाही, असलेले आपोआप ढासळते.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण साप्ताहिकाचा जन्मच ढासळण्याच्या काळातला आहे. १८४८च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये फ्रान्सचा राजा लुई फिलिपचे सिंहासन गेले, मार्चमध्ये व्हिएन्नाहून ऑस्ट्रियाचा चान्सेलर मेटरनिखला पळावे लागले, बर्लिनच्या रस्त्यांवर मोर्चेबंदी झाली आणि छापील मजकुरावरची सेन्सॉरशिप उठली. ७ मे १८४८ रोजी पहिला अंक निघाला. प्रकाशक आल्बेर्ट होफमान, लेखक डाविड कालिश. त्या वसंतात बर्लिनकराला हे नाव समजावून सांगावे लागले नसणार.

लवकरच एर्न्स्ट डोम आणि रुडोल्फ ल्योवेनश्टाइन येऊन मिळाले. अंकावर लिहिलेले असे: 'हे पत्र दररोज निघते, कामाचे दिवस वगळून.' म्हणजे फक्त रविवारी. आणि ते कुणाचे मुखपत्र, तर रिकामटेकड्यांचे, रिकामटेकड्यांसाठी. म्युलर आणि शुल्ट्से हे दोन मध्यमवर्गीय बर्लिनकर त्यात खास बर्लिनी बोलीत राजकारणावर गप्पा मारत. चित्रकार व्हिल्हेल्म शोल्ट्स यांनी बिस्मार्कच्या टकलावर तीन केस उभे केले, आणि पुढे त्या तीन केसांवरून लोक चान्सेलर ओळखू लागले. मे १८७५ मधले बिस्मार्क आणि पोप नववा पायस बुद्धिबळ खेळत असल्याचे चित्र तर शालेय इतिहासातही भेटते.

पुढची कथा वाईट आहे. १९२३ मध्ये होफमान घराण्याने साप्ताहिक श्टिनेस उद्योगसमूहाला विकले, ते उजवीकडे सरकत गेले आणि नाझी काळात ज्यूद्वेष्टी चित्रे छापू लागले. कालिश, डोम आणि ल्योवेनश्टाइन तिघेही ज्यू घरांत जन्मलेले होते. मराठीत या साप्ताहिकाविषयी लिहिताना १८४८चे धाडस सांगून थांबू नये, हेही लिहावे. १९४४ मध्ये ते बंद झाले.

आता भाषांतराचे. शब्द साप्ताहिकापेक्षा जुना, बोलीतला उद्गार आहे. साप्ताहिकाने तो घरोघरी पोचवला. आजच्या जर्मनमध्ये त्याला कोसळणे, गोंधळ, पसारा अशा छटा आहेत. 'सगळा क्लाडेराडाच' म्हणजे सगळा पसारा. तेव्हा साप्ताहिकाचे नाव असेल तिथे भाषांतर करू नये. पहिल्यांदा आले की 'कोसळण्याचा आवाज' असा खुलासा पुरे. सामान्य नाम असेल तिथे मात्र मराठी शब्दच हवा.

याचे उत्तम उदाहरण समाजवादी नेते आउगुस्ट बेबेल यांचे ९ नोव्हेंबर १९११चे राइशस्टागमधले (जर्मन संसदेतले) भाषण. युरोपातले देश सोळा ते अठरा दशलक्ष माणसे शस्त्रे देऊन एकमेकांसमोर उभी करतील आणि मग 'मोठा क्लाडेराडाच' होईल, असे त्यांनी बजावले. तिथे 'मोठा धडाका' लिहिले तर फटाक्यासारखे वाटते. 'गोंधळ' फार किरकोळ. 'सगळा डोलारा कोसळेल' हे मला योग्य वाटते: डोलारा आधी डोलतो आणि मग कोसळतो, म्हणजे दोन्ही टप्पे आले, आणि तो पाडणाराही वाक्यात दिसत नाही. याच भाषणात बेबेल युद्धानंतरच्या दिवाळखोरीविषयी आणि उपासमारीविषयी बोलत होते, तेव्हा उजव्या बाकांवरून आवाज आला होता, 'प्रत्येक युद्धानंतर परिस्थिती सुधारतेच!'