दाजीपूरचा पट्टेवाला कस्तूर आणि हिमालयातला बिनपट्ट्यांचा: पक्षी एकच की दोन?

तुम्ही विचारलंय, की दाजीपूरला दिसलेल्या नारंगी डोक्याच्या पक्ष्याच्या गालावर दोन काळपट उभे पट्टे होते, मग उत्तराखंडच्या मित्राने पाठवलेल्या फोटोत गाल कोरा कसा? आणि त्याच्या शास्त्रीय नावात प्रजाती (जीनस) म्हणून एका पुस्तकात ‘झूथेरा’, दुसऱ्यात ‘जिओकिक्ला’, यातलं खरं कुठलं?

पक्षी एकच, नारंगी डोक्याचा कस्तूर. तुम्ही पाहिलेला आणि फोटोतला, यांच्या उपजाती मात्र वेगळ्या. आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिण भारतात राहणारी ‘सायनोटस’. तिचा गळा पांढरा आणि गालावर ते दोन पट्टे. हिमालयाच्या पायथ्याची ‘सिट्रिना’, तिचं डोकं, गळा, छाती सगळं सलग नारंगी. अंदमान, निकोबार, जावा, बोर्निओ, हैनान या बेटांवरच्या उपजाती आणखी निराळ्या. जावा-बालीत तर हा पक्षी गाण्यासाठी पिंजऱ्यात पाळतात. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

आता नाव. इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ लॅथमने १७९० मध्ये याचं वर्णन केलं ते ‘टर्डस’ या प्रजातीत. पुढे तो बराच काळ झूथेरात होता. डीएनए तपासल्यावर लक्षात आलं, की झूथेरा म्हणून एकत्र बांधलेली मोळी एका कुळीची नाहीच. म्हणून हा कस्तूर जिओकिक्लात गेला. पुस्तक जुनं असेल तर झूथेरा दिसणारच, ती चूक नव्हे. मला स्वतःला नवं नाव जास्त आवडतं, कारण ग्रीकमध्ये त्याचा अर्थच ‘भुईकस्तूर’ असा होतो. आणि गंमत म्हणजे त्याच जंगलात पहाटे शीळ घालणारा निळा शीळकरी कस्तूर नावाने कस्तूर असला, तरी आता त्याला माशीमार पक्ष्यांच्या कुळात धरतात.

भुईकस्तूर हे नाव किती चपखल आहे ते मला राधानगरीच्या जंगलात एका पायवाटेवर कळलं. बांबूच्या बेटाखाली पाचोळा खसखसत होता. मला वाटलं, सरडा असेल. उकिडवा बसलो. चोचीने एकेक पान उचलून बाजूला भिरकावत कस्तूर पुढे सरकत होता. माझा गुडघा कडकन वाजला आणि तो जागच्या जागी थिजला. पंखावरचा पांढरा ठिपका तेवढा डोळ्यांत भरत होता. बराच वेळ मीही हललो नाही. शेवटी त्यानेच एक गांडूळ ओढून काढलं, तेव्हा मी श्वास सोडला.

पाठ निळसर राखाडी असेल तर नर, मळकट तपकिरी-हिरवट झाक असेल तर मादी. वीण पावसाळ्यात, त्यामुळे गाणं ऐकायचं तर जूननंतर पहाटे जा. जळवांची तयारी ठेवा.

एक लक्षात असू द्या. हिमालयातले कस्तूर थंडीत दक्षिणेकडे उतरतात, थेट श्रीलंकेपर्यंत. म्हणून डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे कोऱ्या गालाचा दिसला, तर फोटो काढा आणि तारीख-जागा लगेच वहीत टिपा.