वाचक विचारतात : ‘सगळं पॅकेजमध्ये’ म्हणजे काय काय?

या वेळच्या पत्रांचा विषय जवळपास एकच आहे : दोघांनीच जाऊन उष्ण कटिबंधातल्या समुद्रकाठच्या एखाद्या लहानशा ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टात राहणे. त्यांतले पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमचे सहा रात्रींचे पॅकेज आहे. एकदा पैसे भरले की तिथे पुन्हा खिशात हात घालावा लागत नाही, हे खरे का?

फारसे खरे नाही. ही पद्धत रूढ करण्यात क्लब मेड या फ्रेंच पर्यटन कंपनीचा मोठा वाटा. त्यांची पहिली वसाहत १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुडिया इथे उभी राहिली, तीही तंबूंची. राहणे, जेवण आणि खेळ एकाच रकमेत होते. पुढे त्यांच्या वसाहतींमध्ये बारमधल्या पेयांसाठी मात्र मणी विकत घ्यावे लागत. गळ्यातल्या माळेतला एकेक मणी काढून द्यायचा. थोडक्यात, ‘सगळे’ या शब्दाला सुरुवातीपासूनच तळटीप आहे.

ती तळटीप आरक्षणाआधी ईमेलने मागवा आणि उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. फोनवरचे ‘हो हो, सगळं आहे’ काउंटरवर चालत नाही. विचारायचे ते असे : पेयांत फक्त नेहमीचे ब्रँड आहेत की महागडेही, आणि बार किती वाजता बंद होतो? मेनू कार्डावरून मागवायच्या रेस्टॉरंटमध्ये किती रात्री जेवता येते? मिनीबार रोज भरतात की एकदाच? विमानतळावरून ने-आण धरली आहे का? दर रात्रीचा कर आणि सेवाशुल्क आधीच भरायचे की निघताना? खेळांचा साधारण ठोकताळा असा, की कायाक, पॅडलबोर्ड, स्नॉर्केलिंगचे (मास्क आणि नळी लावून पाण्यावर पालथे तरंगत खालचे पाहण्याचे) साहित्य अशा बिनइंजिनाच्या वस्तू फुकट आणि इंजिन लागले की वेगळे बिल.

सर्वांत जास्त वाद होतात ते शेवटच्या दिवशी. सहा रात्री म्हणजे सात पूर्ण दिवस नव्हेत. खोली दुपारी दोन-तीनला मिळते आणि अकरा-बाराला सोडावी लागते. पॅकेजच्या पाहुण्याची खूण म्हणून मनगटावर बांधलेली पट्टी कापली की अनेक ठिकाणी जेवण-पेयेही थांबतात. विमान रात्रीचे असेल तर त्या दिवसाचे दुपारचे जेवण, आंघोळीची सोय आणि सामान ठेवायची जागा यांबद्दल आधीच लिहून घ्या.

प्रश्न : रिसॉर्ट जेमतेम पंचवीस खोल्यांचे आहे. खोली निवडताना काय पाहावे?

लहान रिसॉर्टात बहुतेक गोष्टी एकेकच असतात : एक स्वयंपाकघर, एक बार, एक जनरेटर, एक बोट. तुमची खोली त्यांतल्या कशाच्या शेजारी आहे, हे खोलीतून दिसणाऱ्या देखाव्याहून महत्त्वाचे. रिसॉर्टचा नकाशा मागा. जनरेटर आणि स्वयंपाकघराचा धूर काढणारा पंखा यांच्या बाजूची खोली नको. बारच्या वरची तर नकोच.

‘सी व्ह्यू’ म्हणजे कुठून तरी समुद्र दिसतो, एवढेच. ‘बीचफ्रंट’ म्हणजे समोर थेट वाळू. दोन्हींमध्ये ‘पार्शल’ हा शब्द आला की बाल्कनीतून मान बाहेर काढायची तयारी ठेवा. तळमजल्यावर वाळूत लगेच उतरता येते, पण डास जास्त, आडोसा कमी आणि पडदे दिवसभर ओढलेले. वरच्या मजल्याला वारा मिळतो. डबलबेड म्हणून बऱ्याचदा दोन पलंग जोडून देतात आणि मधली फट रात्रभर जाणवते, म्हणून ‘एकच गादी हवी’ असे स्पष्ट लिहा.

खोलीत दमट वास येण्याची कारणे बहुधा दोनच. एक, बाल्कनीचे दार उघडे ठेवून एसी चालवणे. बाहेरची दमट हवा थंड भिंतीवर, आरशावर आणि एसीच्या तोंडाशी पाणी होऊन बसते, मग बुरशी धरते. दार बंद, एसी २४-२५ अंशांवर आणि ओले कपडे बाहेर दोरीवर, एवढे पुरते. दुसरे, काही दिवस रिकाम्या राहिलेल्या खोलीच्या न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालचा पाणी साठून राहणारा भाग. त्यातले पाणी आटले की गटाराचा वास थेट वर येतो. जाळीवर तांब्या-दोन तांबे पाणी ओता. तासाभरात वास गेला नाही तरच खोली बदलून मागा.

प्रश्न : कोणता महिना टाळावा? आणि फोटोतल्यासारखे पाणी तिथे प्रत्यक्षात असते का?

अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास. मालदीवमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे साधारण मे ते ऑक्टोबर असतात. डिसेंबर ते एप्रिल कोरडे. हंगामाबाहेर दर उतरतात, त्याचे कारण हेच. तरीही त्या काळात जायचे असेल तर विमा लगेच काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा सहसा त्या वादळाची भरपाई देत नाही.

कॅरिबियनमध्ये आणखी एक भानगड आहे, ती सारगॅसम या तरंगत्या तपकिरी शेवाळाची. २०११ पासून ते तिथे प्रचंड प्रमाणात येते, मुख्यतः वसंतात आणि उन्हाळ्यात. किनाऱ्यावर कुजले की सडक्या अंड्यांचा वास सुटतो, कारण त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. तिथले व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. म्हणून बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर लाटाही जास्त आणि शेवाळही जास्त, तर पश्चिमेला पाणी बहुधा शांत. नकाशात रिसॉर्टचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते आधी पाहा, आणि जाहिरातीतल्या फोटोंपेक्षा पाहुण्यांनी मागच्या पंधरवड्यात काढलेल्या फोटोंवर जास्त विश्वास ठेवा.

प्रश्न : मला बऱ्यापैकी पोहता येते, यांना अजिबात येत नाही. दोघांनी मिळून स्नॉर्केलिंग करावे का? सनस्क्रीन किती न्यावे?

करावे, पण भरतीची वेळ पाहून. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते : आज दहाला असेल तर उद्या अकराच्या सुमारास. कडेचे प्रवाळ उथळ असेल तर भरतीच्या तासभर आधी उतरा आणि नंतरच्या तासाभरात बाहेर या. त्या वेळी पाणी पुरेसे खोल असते आणि ओढही बहुधा कमी. ओहोटीला त्याच जागी गुडघे खरचटतात आणि प्रवाळही मोडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची ओढ वाढते. नवख्याला भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे, दिवस बरे.

मास्क आधी जोखून पाहा. पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा, नाकाने श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पाणी शिरते ते बहुधा मिशीमुळे किंवा कडेखाली अडकलेल्या केसांमुळे. नाकाखालची मिशी थोडी कातरली की भागते (यजमानांची समजूत तुम्हीच घाला). पट्टा जास्त आवळला तर कड मुडपते आणि गळती उलट वाढते. नव्या मास्कच्या काचेवर तेलकट थर असतो; साधी टूथपेस्ट आतून चोळून धुवा, नाहीतर काच सतत धूसर होत राहते.

न पोहणाऱ्याने स्नॉर्केलिंगचे फुगवायचे जाकीट घालावे. आधी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून नळीतून दहा मिनिटे श्वास घ्यायचा सराव करावा. तोंडात पाणी आले तर घाबरून मान उचलू नये, जोराने ‘टू’ म्हणून फुंकावे. रबरी गाद्या आणि रिंगा अजिबात नकोत. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर त्या बघता बघता लांब जातात.

फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये एखादा सपाट, गडद पट्टा दिसला तर पोहायला तीच जागा शांत वाटते. पण तो बहुधा रिप करंट असतो, म्हणजे बाहेर जाणारा प्रवाह. तो माणसाला खाली ओढत नाही, किनाऱ्यापासून दूर नेतो. त्यात सापडल्यावर सरळ किनाऱ्याकडे पोहले तर दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाजूला व्हा. ते जमत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा. लहान रिसॉर्टात जीवरक्षक असेलच असे नाही, हे पोहोचल्या दिवशीच विचारून घ्या.

सनस्क्रीनचा हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी सुमारे ३५ मिली लागते, आणि दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावायचे. दोघांनी तीन वेळा लावले तर दिवसाला २१० मिली, म्हणजे २०० मिलीची बाटली एका दिवसात संपते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला की हा खर्च निम्म्याने तरी उतरतो आणि पाठही भाजत नाही. स्नॉर्केलिंग करताना तासभर वर राहते ती पाठ आणि पोटऱ्यांची मागची बाजू, आणि नेमके तिथेच लोक विसरतात. बाटलीवरचा एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे) किरण अडवते आणि ५० सुमारे ९८ टक्के, तेव्हा आकड्यापेक्षा लावण्याचे प्रमाण मोलाचे. प्रवाळाला घातक मानली जाणारी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने असलेली उत्पादने विकायला हवाईत २०२१ पासून बंदी आहे, आणि पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशानेही २०२० पासून अशी बंदी घातली आहे. झिंक ऑक्साइडचे घ्या, म्हणजे प्रश्नच नको. डासांचे मलम सनस्क्रीन सुकल्यावर वरून लावायचे, आधी नाही.

डायव्हिंग करणार असाल तर शेवटची डुबकी आणि विमान यांत अंतर ठेवा : एकाच डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर किमान १८. म्हणून डायव्हिंग पहिल्या दिवसांत उरका आणि आळस शेवटी ठेवा.

प्रश्न : बुफेमुळे दरवेळी पोट बिघडते. उपाय?

वेळेवर जा. दार उघडल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात अन्न ताजे असते. उशिरा उरते ते कोमट. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहायला हवेत. ज्या भांड्यातून वाफ निघत नाही ते सोडा. खाण्याची ॲलर्जी असेल तर बुफेवर भरवसा ठेवू नका, एकच डाव चार भांड्यांत फिरतो. स्वयंपाकघरात सांगून ताट वेगळे मागा. पंचवीस खोल्यांच्या रिसॉर्टात एवढे सहज होते. बॅराकुडासारखे प्रवाळातले मोठे शिकारी मासे टाळा. त्यांत सिग्वाटेरा हे विष असू शकते; ते शिजवून जात नाही आणि चवीलाही कळत नाही. ओआरएसची सहा-आठ पाकिटे बरोबर न्या, कारण जवळचे औषधांचे दुकान बोटीपलीकडे असू शकते, आणि बोट, वर म्हटल्याप्रमाणे, एकच असते.