ग्रे टॉवेल म्हणजे कोरा की राखाडी?

दादा, तुम्ही लिहिलंय की परदेशी ग्राहकाच्या मेलमध्ये नुसतं 'ग्रे टेरी टॉवेल' आहे आणि भाऊ म्हणतो, माल लूमवरून उतरवून तसाच पाठवू. थांबा, गाठी बांधू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत हीच चूक मी केलीय. आजही आठवली की पोटात गोळा येतो.

आपल्या सोलापुरात ग्रे म्हणजे मागावरचा कोरा माल, ब्लीच (पांढरा) न केलेला, न रंगवलेला. तो राखाडी नसतोच, पिवळसर असतो. कारण हा ग्रे मुळात रंगाचा शब्द नाही. इटालियन 'ग्रेज्जो', त्यावरून फ्रेंच 'ग्रेज', म्हणजे कच्चा. इंग्रजीत येऊन तो रंगाच्या ग्रेमध्ये मिसळला. माझ्या ग्राहकाला मात्र खरोखर राखाडी टॉवेल हवे होते, हॉटेलसाठी. मी कोरे पाठवले. सुताला खळ तशीच, कापसाचं मेण तसंच, पाणी टिपणार कसं? अख्खा लॉट नाकारला. परतीचं भाडंही मीच भरलं.

पाठवण्याआधी शंका आली होती हो! निर्यातदारांना मार्गदर्शन करणं हेच ज्यांचं काम, अशा एका कार्यालयात तीन फेऱ्या मारल्या. साहेबांनी मेल न वाचताच कागद परत सरकवला, 'कापडात ग्रे म्हणजे कोरंच.' दोन मिनिटं वाचलं असतं तर पुढच्याच ओळीत 'व्हाइट' आणि 'नेव्ही' दिसले असते. मला अजून त्याचाच राग आहे.

म्हणून माझं ठाम मत: शेजारचे शब्द बघा. जवळ ब्लीच्ड, डाईड असेल तर बहुधा कोरा. दुसरे रंग असतील तर राखाडी. तरी अंदाजावर जाऊ नका, आजच लेखी विचारा. कोरा हवा असेल तर 'अनब्लीच्ड' लिहून घ्या, रंग हवा असेल तर पँटोन नंबर, म्हणजे नेमक्या शेडचा ठरलेला क्रमांक. स्पेलिंगवरून काही कळत नाही; 'ई' (grey) ब्रिटिश, 'ए' (gray) अमेरिकन, एवढंच. आणि हल्ली घरसजावटीवाले राखाडी-बेज मिश्रणालाही 'ग्रेज' म्हणतात, तेही विचारून घ्या.

करारातलं मला कळत नाही, त्यासाठी वकील गाठा. लॅब डिप, म्हणजे रंगवलेला छोटा नमुना, आला की दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली राखाडी शेड फसवते.