ब्राझील नट्स रोज आठ नको, थायरॉईड असलेल्या आईला तर नकोच

डिचोलीच्या ताई, तुमचा प्रश्न काल रात्री दुकान बंद करताना वाचला, तेव्हाच दोन ओळी टाकणार होते पण दोन ओळींत हे सांगून होणार नाही म्हणून आज सकाळी निवांत बसून लिहितेय. आधी एवढं करा, आईंना ब्राझील नट्स देणं आजपासून थांबवा. घाबरायचं कारण नाही, पण थांबवा.

बाकीच्यांसाठी थोडक्यात, ताईंच्या भाच्याने लिस्बनहून एक किलोची पिशवी आणली, आईंना थायरॉईड आहे, ब्राझील नट्स थायरॉईडला चांगले असा मेसेज कुणीतरी पाठवला म्हणून त्या बदामासारखे रात्री भिजत घालून रोज सकाळी आठ देतायत, सात आठवडे झाले. आता आईंचे केस विंचरताना पुंजके येतायत, आणि लसूण न खाता तोंडाला लसणासारखा वास येतो म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जायचं का असं त्यांनी विचारलंय. शिवाय तीन वर्षांचा नातू मागतो तर त्याला द्यायचे का.

मी डॉक्टर नाही. फोंड्याला आमचं काजू आणि ड्रायफ्रूटचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं, आणि मला स्वतःला तेरा वर्षं थायरॉईड आहे, त्यामुळे हा विषय मी दोन्ही बाजूंनी बघितलाय. माझंही असंच झालेलं ते पुढे सांगते.

पिशवीवर जे कास्तान्या दु पारा लिहिलंय ते म्हणजे पारा प्रांताची बी. पारा हा ब्राझीलचा उत्तरेकडचा प्रांत, अ‍ॅमेझॉन तिथे समुद्राला मिळते. आपला काजूही मुळात ब्राझीलचाच, पोर्तुगीजांनी आणलेला, म्हणून लोक दोन्ही एकाच माळेचे मणी समजतात आणि काजू खातो तसे हे मूठमूठ खातात. पण काजू आंब्याच्या कुळातला आणि हा वेगळ्याच कुळातला, आपल्याकडे कैलासपतीचं झाड असतं ना, खोडालाच फुलं आणि तोफगोळ्यासारखी फळं लागतात ते, किंवा आपल्या रानातला कुंभा, हे दोघे ह्याचे भाऊबंद. झाड पन्नास मीटरपर्यंत वाढतं, फळ नारळाएवढं, दोन किलोपर्यंत वजनाचं, कवच इतकं कठीण की कोयत्यानेच फोडावं लागतं, आणि आत संत्र्याच्या फोडी रचाव्यात तशा दहा-वीस तिकोनी बिया बसलेल्या असतात. फूल लागल्यापासून फळ पडायला सव्वा वर्ष जातं. ह्याच्या आपल्या काजूसारख्या बागा फारशा नाहीत, जवळजवळ सगळा माल रानातून गोळा केलेला, आणि नावात ब्राझील असलं तरी सगळ्यात जास्त निर्यात बोलिव्हियाची होते. रानातला माल म्हणजे प्रत्येक झाडाखालची माती वेगळी, आणि आपला सगळा घोळ ह्या मातीतच आहे.

कारण ह्या बीत सेलेनियम नावाचं खनिज असतं आणि ते भयंकर जास्त असतं. आकडे सांगते म्हणजे पटेल. शंभर ग्रॅम काजूत साधारण २० मायक्रोग्रॅम सेलेनियम, बदामात ४ च्या आसपास. आणि ब्राझील नट्समध्ये अमेरिकन सरकारच्या तक्त्यात शंभर ग्रॅमला १९१७! म्हणजे शंभर ग्रॅम काजू खाऊन जेवढं मिळेल तेवढं ह्याच्या एका ग्रॅमात, नखाएवढ्या तुकड्यात आहे. एक अख्खी बी साधारण पाच ग्रॅमची, तिच्यात ९० च्या पुढे. मोठ्या माणसाची दिवसाची गरज किती, तर आपल्या आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, ४० धरलीय, अमेरिकेत ५५ धरतात. म्हणजे एका बीत दिवसाचं काम झालं, वर उरलं सुद्धा. आता आईंचा हिशोब करा, आठ बिया म्हणजे चाळीस ग्रॅम, म्हणजे साडेसातशेच्या वर. रोज ह्याच्या वर जाऊ नये अशी मर्यादा अमेरिकेत ४०० आहे आणि युरोपने २०२३ साली ती २५५ वर आणली. तर आई सात आठवडे रोज त्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट खातायत.

आणि हा सुद्धा सरासरीचा आकडा. ब्राझीलमध्येच वेगवेगळ्या भागातल्या बिया तपासल्या तेव्हा मातो ग्रोसो प्रांतातल्या बियांत किलोला जेमतेम २ मिलिग्रॅम निघालं आणि अ‍ॅमेझोनास प्रांतातल्या बियांत ६८, तीसपटीचा फरक! म्हणजे दिसायला अगदी सारख्या दोन बिया, एकीत १० मायक्रोग्रॅम, दुसरीत ३४०. तुमच्या पिशवीतल्या कुठल्या, हे मी रोज माल हाताळणारी असून बघून सांगू शकत नाही, आणि चवीने किंवा वासाने तर कुणालाच कळणार नाही. म्हणून मी गिऱ्हाईकांना नेहमी म्हणते, बदामाचं माप ह्याला लावू नका.

भिजवल्याने कमी होईल असं वाटत असेल तर तेही नाही. सेलेनियम बीच्या प्रथिनात गुंतलेलं असतं, मेथिओनिन नावाच्या घटकाच्या जागी जाऊन बसलेलं, आणि आपल्या शरीराला दोघांतला फरक ओळखता येत नाही, ते त्याला मेथिओनिन समजूनच स्नायूंत, केसांत, नखांत वापरतं. म्हणून ते साठत जातं, आणि बंद केल्यावर लगेच जातही नाही. जास्त झालं की पहिले परिणाम केस आणि नखांवर, आणि जादा सेलेनियम श्वासावाटे बाहेर पडतं त्याचा वास हुबेहूब लसणासारखा. त्यामुळे ताई, दाताच्या डॉक्टरकडे नंतर जा, आधी थायरॉईडच्या डॉक्टरकडे ती पिशवी घेऊनच जा आणि रोज किती, किती दिवस हे स्पष्ट सांगा. रक्तातलं सेलेनियम तपासता येतं, सगळ्या लॅबमध्ये होत नाही पण सॅम्पल बाहेर पाठवतात. सोबत टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी पण करून घ्या कारण केस थायरॉईडनेही गळतात, नुसत्या अंदाजावर राहू नका.

आता माझं. २०१६ च्या मे महिन्यात आमच्याकडे पहिल्यांदा हा माल आला, मी थायरॉईडला चांगलं म्हणून कुठेतरी वाचलेलं, आणि दुकानात बसलं की समोर बरणी, येताजाता एक, दुपारी गिऱ्हाईक नसताना दोन, दिवसाला सहा-सात सहज व्हायचे. पावसाळा सुरू झाला तेव्हा तोंडात सारखी नाणं चोखल्यासारखी चव यायला लागली, भात-हुमण (आमचं माशाचं कालवण) बेचव लागायचं. मग एक दिवस नारळ खवताना अंगठ्याचं नख टोकापासून उभं चिरलं आणि उन्हात नेऊन बघितलं तर नखाच्या मुळापासून थोडं वर आडवी पांढरी रेघ, एका अंगठ्याला नाही, दोन्ही अंगठ्यांना, तर्जनीला सुद्धा. डॉक्टरांनी काय काय खाता विचारलं, मी भात, मासे, भाजी सगळं सांगितलं आणि बरणीचं सांगायचं राहून गेलं कारण ते मला खाणं वाटतच नव्हतं. दुसऱ्या खेपेला सांगितलं तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे हिशोब मांडून दाखवला. तेव्हापासून मी हा विषय जमेल तेवढा वाचत आलेय, कारण विकणाऱ्यानेच सांगितलं नाही तर घेणाऱ्याला कोण सांगणार.

मग थायरॉईडला चांगलं हे खोटं का? खोटं नाही, अर्धवट आहे. आपण थायरॉईडची जी गोळी घेतो त्यात टी-फोर नावाचं हार्मोन असतं, शरीर त्याचं टी-थ्री हे दुसरं हार्मोन करतं तेव्हा ते कामाला येतं, आणि हा बदल घडवणारी शरीरातली जी एन्झाइम्स आहेत त्यांना सेलेनियम लागतं. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण लागतं म्हणजे पुरेसं लागतं, पुरेसं असल्यावर आणखी घालून काम जोरात होत नाही, आमटीत मीठ पुरेसं असताना आणखी मूठभर टाकल्यासारखं आहे ते. न्यूझीलंडच्या मातीत सेलेनियम कमी, तिथे २००८ मध्ये अभ्यास झाला, लोकांना बारा आठवडे रोज फक्त दोन ब्राझील नट्स दिले आणि त्यांच्या रक्तातली पातळी १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीइतकीच छान वाढली. लक्षात घ्या, दोन, आणि ते सुद्धा कमतरता असलेल्या मुलखात. उलट बाजू बघायची तर अमेरिकेत ३५ हजार पुरुषांना घेऊन मोठी चाचणी केली, सेलेनियमच्या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का बघायला, २००८ मध्ये ती थांबवावी लागली कारण उपयोग काहीच दिसला नाही. त्याच वर्षी तिथे एका पातळ टॉनिकमध्ये चुकून दोनशेपट सेलेनियम पडलं आणि दोनशेच्या वर लोकांचे केस गेले, नखं काळवंडली, सांधे दुखायला लागले, काहींचा त्रास तीन महिन्यांनंतरही होता.

आणि आपल्याला कमतरता असते का हा खरा प्रश्न. ताई, तुम्हीच लिहिलंय की आई सोमवार-गुरुवार सोडून रोज मासे खातात. समुद्राच्या माशांत शंभर ग्रॅमला साधारण ३० ते ५० मायक्रोग्रॅम असतं, बांगडा, तारले, सुंगटं (कोळंबी) सगळ्यात. दुपारी हुमणातला एक मोठा बांगडा आणि रात्री तळलेला एक तुकडा, आईंची गरज तिथेच भागली, वर अंडं खाल्लं तर त्यात आणखी १५. गोव्यात मासे खाणाऱ्या घराला सेलेनियमसाठी ब्राझील नट्सची गरजच नाही असं माझं स्पष्ट मत आहे, मी विकत असले तरी. पूर्ण शाकाहारी असाल, अंडंही नाही, तर दिवसाला एक, किंवा एक दिवसाआड एक, झालं. मी स्वतः आता आठवड्याला दोन खाते, श्रावणात मासे बंद असतात तेव्हा तीन-चार, आणि मोजून.

सेलेनियम सोडलं तर बी चांगलीच आहे, उगाच बदनाम करायची नाही. मॅग्नेशियम काजूपेक्षा जास्त, शंभर ग्रॅमला ३७६ मिलिग्रॅम, तांबं भरपूर, जस्त, फॉस्फरस, व्हिटॅमिन ई, प्रथिनं १४ ग्रॅम. पण एका-दोन बियांत ह्यातलं येणार किती, थोडंसंच, म्हणून मॅग्नेशियमसाठी हे खा असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही, त्यासाठी तीळ आहेत, नाचणी आहे, आपले काजू आहेत. तेल मात्र खूप, शंभरात ६७ ग्रॅम, एका बीला ३३ कॅलरीज. कोलेस्टेरॉल एका खाण्यात उतरतं असा जो मेसेज फिरतो तो ब्राझीलमधल्या २०१३ च्या अभ्यासावरून, त्यात माणसं होती फक्त दहा आणि दहाही धडधाकट, त्यावरून आईंची कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर ती बदलायची नाही. ह्या बीत रेडियम हा किरणोत्सर्गी धातू असतो हेही खरं, मुळं खोल जाऊन जमिनीतून ओढून घेतात, पण तो अंगात फारसा राहत नाही, त्याची काळजी करत बसू नका.

नातवाला देऊ नका. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची मर्यादाच अमेरिकेत ९० मायक्रोग्रॅम आहे, एका बीत ती संपते. घशात अडकण्याची भीती वेगळी. आणि ह्या बीची अ‍ॅलर्जी असते आणि ती जोरात येऊ शकते, १९९० च्या दशकात ह्यातलं एक प्रथिन सोयाबीनमध्ये घालायचा प्रयत्न झाला, ते सोयाबीन अ‍ॅलर्जीवाल्यांना बाधेल असं तपासणीत दिसल्यावर सगळा बेत सोडून दिला. घरात कुणाला शेंगदाणे, काजू असं काही बाधत असेल तर त्याने चाखूनही बघू नये.

थायरॉईडच्या गोळीचं एक, ती उठल्या-उठल्या रिकाम्या पोटी पाण्याबरोबर आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास काही नाही. भिजवलेले बदाम, नट्स, चहा, सगळं त्यानंतर. कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांनी.

उरलेली पिशवी टाकू नका पण ओट्यावरही ठेवू नका. इतकं तेल असलेली बी आपल्या दमट हवेत लवकर खवट होते. एक बी आडवी कापून बघा, आतून हस्तिदंतासारखी पांढरी आणि नारळाच्या खोबऱ्यासारखा वास हवा. पिवळसर, पारदर्शक डाग दिसले किंवा जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर खवट झाली, आणि कुबट वास किंवा बुरशीची काळी-हिरवी पूड दिसली तर ती अख्खी मूठ फेका, ह्या बीला अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करणारी बुरशी चटकन लागते, भाजून किंवा धुऊन ते विष जात नाही. चांगल्या निघाल्या तर छोट्या डब्यांतून फ्रीझरमध्ये ठेवा आणि शेजारीपाजारी वाटून टाका, प्रत्येकाला किती खायच्या ते सांगून.

आईंच्या हाताची बोटं आज उजेडात बघा, नखाच्या मुळाशी आडवी रेघ आहे का, आणि असेल तर मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. नख महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतं, त्यामुळे रेघेखाली नवीन गुलाबी नख यायला लागलं की समजा उतरतंय. माझ्या अंगठ्यावरची रेघ टोकाला पोचून कापली गेली ती थेट दिवाळीनंतर, केस त्याच्या आधीच गळायचे थांबलेले, आणि तोंडाची ती चव तर बरणी समोरून हलवल्यावर तीन आठवड्यांत गेली.