सख्खे भाऊ, मग उंचीत ९ सेंमीचा फरक कसा?

प्रश्न: मी १६६ सेंमी आणि माझा धाकटा भाऊ १७५. आईबाबा तेच, घरचं जेवणही तेच. उंचीचा जीन त्याला मिळाला नि मला नाही, असं झालं असेल का? डीएनए टेस्ट केली तर कळेल?

उत्तर: सख्ख्या भावांत एवढा फरक अगदी कॉमन आहे हो. आणि उंचीचा म्हणून एकच जीन नसतोच. २००७ मध्ये एचएमजीए२ जीनजवळ डीएनएचं माणसागणिक बदलणारं एक अक्षर सापडलं, ते उंचीशी जोडलेलं होतं, केवढी एक्साइटमेंट तेव्हा! पण त्याचा इफेक्ट किती, तर एका कॉपीमागे (प्रत्येक जागी आपल्याकडे दोन कॉपी असतात, एक आईकडून, एक बाबांकडून) साधारण ०.४ सेंमी, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीपेक्षाही कमी. पुढे २०२२ मध्ये ५४ लाख लोकांचा डेटा एकत्र केला तेव्हा अशी १२,१११ अक्षरं निघाली, आणि बहुतेकांचा इफेक्ट याहून बारीक.

आता आईकडे एखाद्या जागी एक कॉपी 'उंच'वाली नि एक 'बुटकी'वाली असेल तर तुम्हाला त्यातली एकच मिळते, कुठली ते नशीब, आणि भावाला मिळताना परत नव्याने टॉस. हेच हजारो जागी होतं, बाबांकडूनही तसंच, त्यामुळे त्याच्या वाट्याला 'उंच'वाली थोडी जास्त आली असतील, बस. तुमच्यात काही कमी आहे असं बिलकुल नाही. (आजारपण, लहानपणचं खाणंपिणं यांचाही हात असतो, एका घरात वाढलात म्हणून तेही शंभर टक्के सेम नसतं.)

उंची ८० टक्के आनुवंशिक असं वाचलं असेल. त्याचा अर्थ तुमच्या १६६ पैकी १३३ सेंमी जीन्सचे असा नाही, लोकांलोकांत जो फरक दिसतो त्यातला एवढा भाग जीन्समुळे, इतकंच. दक्षिण कोरियात शंभर वर्षांत बायकांची सरासरी उंची सुमारे २० सेंमीने वाढली, एवढ्यात जीन्स थोडेच बदलतात!

टेस्टचं म्हणाल तर ती १२,१११ अक्षरं युरोपियन वंशाच्या लोकांतला जेमतेम ४० टक्के फरक सांगतात, बाकीच्यांत १० ते २०, कारण सँपल मुख्यतः युरोपियन वंशाचं होतं. शिवाय तुमची उंची तर आधीच मोजून झालीये, टेस्ट आणखी काय सांगणार? पैसे वाचवा.