पहिल्या गाई घेताय? आधी ब्रुसेला समजून घ्या

दादा, चार गाईंपासून सुरुवात करताय, उत्तम. पण गाय किती दूध देते हे विचारण्याआधी ती मागे गाभडली होती का, ते विचारा. ब्रुसेलोसिस, म्हणजे ब्रुसेला जंतूंमुळे गाय गाभडवणारा रोग, गोठ्यात बहुतेक वेळा विकतच्या जनावराबरोबर येतो. गाय दिसायला टकाटक असते आणि सहाव्या-सातव्या महिन्यात गर्भ टाकते. पुढच्या वेळी ती नीट वितेही, पण जंतू सोडतच राहते. म्हणून नवखा फसतो.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- व्यवहार ठरण्याआधी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. आणल्यावर महिनाभर वेगळी बांधा, मग पुन्हा तपासा.
- गाभडलेला गर्भ, वार आणि स्राव यांतच सगळ्यात जास्त जंतू. लोक वार उघड्या हातांनी ओढतात, उकिरड्यावर फेकतात, कुत्री ती गावभर नेतात. हातमोजे घाला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, जागा जंतुनाशकाने धुवा.
- कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात लस, आयुष्यात एकदाच. सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते. नर वासरांना किंवा गाभण गाईला देऊ नका.

गावभर फिरणारा वळू नको, कृत्रिम रेतन करा. दूध उकळूनच प्या; माणसाला हा ताप सांध्यांसकट महिनोन्‌महिने पिळतो.

गाय बाधित निघाली तर औषधावर पैसे घालवू नका, ती बरी होत नाही. आणि बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यातही मारू नका. आपल्याकडे हा रोग असाच फिरतो.