शेळ्यांसाठी कर्ज आत्ताच नको

प्रश्न: घरच्या १४ दुभत्या शेळ्या आहेत, वर्षाला ७,००० लिटर दूध विकतो. आता घरीच हाताने चीज करायचं आहे. मुदत ठेव मोडून आणि वर पाच वर्षांचं कर्ज काढून आणखी ३० शेळ्या, ३०० लिटरचं पाश्चरीकरणाचं भांडं आणि चीज मुरवायची खोली, असं सगळं एकदमच करावं का?

उत्तर: एकदम नको. चीज जरूर करा, पण लहान भांड्यात. शेळ्यांचं नंतर बघू.

ताज्या मऊ चीजला किलोमागे साधारण ६ लिटर दूध लागतं. म्हणजे आहे त्याच दुधाचं जवळपास १,१६५ किलो चीज होईल. दुधाचे ४२ आठवडे धरले तर आठवड्याला २८ किलो, शंभर ग्रॅमची २८० पाकिटं. हा माल नाशवंत, दोन-तीन आठवड्यांत खपायलाच हवा. एवढी गिऱ्हाइकं आज आहेत का? ३० शेळ्या आल्या की हाच आकडा ८७ किलोवर जातो. तुमची अडचण दुधाची नाहीच, खपाची आहे. शिवाय विकत आणलेली शेळी पहिल्या दिवसापासून खाते, कळपात रुळेपर्यंत दूध कमी देते आणि कधीकधी रोगही घेऊन येते.

भाव ठरवताना ६ लिटर दुधाला आज जे मिळतं ते आधी मांडा. त्यात विरजण, रेनेट (दूध घट्ट जमवणारं द्रव्य), इंधन, पाकीट, वाहतूक आणि तुमचे तास मिळवा. घरचे हात फुकट धरले की हिशोब नेहमीच नफ्यात दिसतो! भांडी-फडकी-जमीन धुवायला २५ लिटरला लागतो तेवढाच वेळ ५० लिटरलाही लागतो, म्हणून दोन दिवसांचं दूध एकत्र करा. धार काढल्यावर दूध लगेच ४ अंशांपर्यंत गार करा. दोन दिवसांहून जास्त साठवलं तर त्यातलं स्निग्ध फुटून चीजला बोकडासारखा उग्र वास येतो.

हे झाले साधारण ५० लिटर. त्याला ६०-७० लिटरचं दुहेरी भिंतीचं भांडं पुरतं: ६३ अंशांवर ३० मिनिटं, मग २२ अंशांपर्यंत गार करून विरजण. ३०० लिटरच्या भांड्यात एवढंसं दूध तळाशी पसरतं, ढवळणी नीट बुडत नाही आणि दूध एकसारखं तापत नाही. मोठ्या भांड्याचा हप्ता मात्र पूर्ण भरावा लागतो.

मुरवलेल्या चीजचा मोह कळतो. भाव चांगला मिळतो. पण किलोला १० लिटर दूध, १०-१३ अंशांची दमट खोली आणि रोजची उलटापालट. रोजचं १४ लिटर त्यात घातलं तर तीन महिन्यांत १,२६० लिटर दूध फळीवर अडकतं, चारा मात्र रोखीने आणावा लागतो. पहिल्या वर्षी ते टाळा.

कर्जाचा खरा सापळा भाकड काळात आहे. विण्याआधी सुमारे ६० दिवस शेळी आटवावी लागते आणि थंड प्रदेशात सगळ्या शेळ्या जवळपास एकाच वेळी आटतात. हप्ता बारा महिने, आवक दहा. बँकेकडे हंगामी हप्ते मागा. नाही मिळाले तर प्रत्येक दुभत्या महिन्यात सव्वा हप्ता बाजूला टाका, म्हणजे दहा महिन्यांत बारा हप्त्यांहून थोडे जास्तच जमतील. ताजा चक्का गोठवून ठेवता येतो; तो भाकड काळात थोडी विक्री चालू ठेवतो.

मुदत ठेवीतून घरखर्चाचे सहा महिने, भाकड काळाचा चारा आणि दोन हप्ते यांना हात लावू नका. उरलेल्यातून भांडं आणि चीज करायच्या खोलीचा जेवढा भाग होईल तेवढा करा, कर्ज फक्त कमी पडेल तेवढंच. खोलीचा नकाशा परवाना देणाऱ्याला आधी दाखवा. जमिनीचा उतार चुकला तर ती पुन्हा फोडावी लागते. निवळी, म्हणजे चीज गाळल्यावर उरणारं पाणी, दुधाच्या चार-पंचमांशाहून जास्त निघते. ती गटारात सोडू नका, जनावरांना पाजण्याची सोय आधी करा.

पहिल्या वर्षी दहा टक्के माल वाया जाईल असं धरून चाला. कासदाहावर औषध दिलेल्या एका शेळीचं दूध चुकून मिसळलं तरी विरजण मरतं आणि दोन दिवसांचं ५० लिटर दूध फेकावं लागतं. औषधाच्या शेळीच्या पायात रंगीत पट्टा बांधा, तिची धार शेवटी काढा, वेगळ्या भांड्यात.

सलग तीन महिने आठवड्याचा माल आठवड्यात संपला, आणि एकाच दुकानाकडे एक-तृतीयांशाहून जास्त विक्री अडकलेली नसेल, तर कळप वाढवायला घ्या. तेव्हाही आधी घरच्या चांगल्या मादी करडांपासून. त्यांचं दूध यायला सव्वा वर्ष लागतं, पण त्यासाठी कर्ज काढावं लागत नाही.